प्लास्टर निघाल्यावर: बस ड्रायव्हरच्या अंगात उरलेला अपघात

इंदूरहून खंडव्याकडे निघालेली बस सिमरोल मागे टाकून भेरूघाटाच्या वळणांना लागली की ड्रायव्हरचं अख्खं अंग कामाला लागतं. उजव्या पायाची टाच फरशीवर टेकलेली, चवडा ब्रेकवर अर्धवट दाबलेला. डावा पाय क्लचवर, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरच्या दांड्यावर. मान डाव्या आरशाकडून उजव्या आरशाकडे फिरत राहते, आणि या सगळ्यात नाकही जागं असतं: ब्रेकचं लायनर तापल्याचा करपट वास येतोय का, हे गेजच्या आधी नाकाला कळतं.

अपघातात यातल्या कुठल्याही एका गोष्टीला मार बसतो. ऑपरेशन होतं, रॉड पडतो, प्लास्टर निघतं, माणूस काठी टाकून चालायला लागतो आणि मालकाचा फोन येतो, “कधीपासून येतोस?” डॉक्टरांनी “तीन-चार महिन्यांनी कामावर जा” असं सांगितलेलं असतं. हे सांगणं बहुतेक वेळा चालण्याच्या हिशेबाचं असतं. हाड जुळणं वेगळं आणि ५० प्रवासी घेऊन घाट उतरणं वेगळं. चालताना पाय अडखळला तर माणूस एकटा पडतो. ब्रेकवरचा पाय अडखळला तर काय होतं, हे लिहायची गरज नाही. म्हणून ड्रायव्हर बरा झाला की नाही हे ड्रायव्हरच्या सीटवर बसवूनच ठरवायला हवं. तसं जवळजवळ कुठंच होत नाही.

आधी मार कुठं आणि का बसतो ते पाहू, कारण पुढच्या दहा वर्षांची दुखणी तिथंच ठरतात. कारमध्ये ड्रायव्हरच्या पुढे इंजिन असतं, मीटरभर पत्रा चुरगळायला असतो. बसमध्ये ड्रायव्हर पुढच्या चाकाच्याही पुढे बसतो. त्याच्यासमोर काच, पातळ पत्रा, डॅशबोर्ड, एवढंच. उंच बसल्याचा फायदा कारशी टक्कर झाली तर मिळतो. रस्त्याकडेला उभ्या ट्रकच्या मागे बस घुसली की ट्रकचा फाळका थेट गुडघ्या-छातीच्या उंचीवर आत येतो. खालून फरशीचा पत्रा पेडलसकट वर उचलला जातो आणि घोटा, टाच चेपली जाते. म्हणून अशा टकरीतून वाचलेल्या बस ड्रायव्हरांमध्ये कमरेखालच्या इजा जास्त दिसतात.

गुडघा डॅशबोर्डच्या खालच्या कडेवर आपटतो तेव्हा वाटी फुटते, तेवढं सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की धक्का मांडीच्या हाडातून वर खुब्यापर्यंत जातो आणि खुब्याचा गोळा खोबणीतून मागे निसटतो. हा गोळा शक्यतो ६ तासांच्या आत जागेवर बसवावा लागतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या ताणल्या जातात, तुटतात. उशीर झाला की रक्ताविना गोळ्याचं हाड मरण्याचा धोका वाढतो. हे लगेच कळत नाही. बहुतेकांना पहिल्या दोन वर्षांत त्रास सुरू होतो. जांघेत दुखतं, कधी दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि माणूस गुडघ्यालाच तेल चोळत बसतो. केबिनच्या उंच पायरीवर पाय टाकताना कळ येते, मांडी घालून बसता येत नाही. साधा एक्स-रे सुरुवातीला साफ दिसतो. एमआरआयमध्ये ते आधी सापडतं. खुबा निखळला होता असा उल्लेख डिस्चार्ज कार्डवर असेल तर दोन वर्षं तरी दर सहा महिन्यांनी हाडाच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं, दुखत असो वा नसो. वेळेत सापडलं तर गोळा वाचवण्याचे काही उपाय करता येतात. तो चेपला गेला की बहुधा सांधा बदलणंच उरतं.

खुब्याच्या मागून सायटिक नस जाते. गोळा मागे निसटताना ती दाबली गेली तर चवडा वर उचलता येत नाही. चालताना पाऊल फरफटतं, चप्पल निसटते. डाव्या पायात हे झालं तर क्लच कसाबसा दाबला जातो, कारण खाली दाबणारे स्नायू वेगळे. उजव्या पायात झालं तर धोका मोठा: ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाताना बुटाचं टोक ब्रेक पेडलच्या खालच्या कडेला अडकतं. नस साधारण दिवसाला १ मिलिमीटर या गतीनं भरून येते. खुब्यापासून नडगीच्या स्नायूपर्यंतचं अंतर ४०–५० सेंटिमीटर धरलं तर सव्वा वर्ष सहज लागतं. म्हणून “अजून पाय उचलत नाही” म्हणून तिसऱ्या महिन्यात आशा सोडणं चूक, आणि त्याच महिन्यात गाडीवर बसणं त्याहून मोठी चूक. इजेनंतर तीन-चार आठवड्यांनी नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही आणि ईएमजी, करून घ्यावी. नस नुसती दबलेली आहे की तुटलेली, याचा अंदाज त्यातून येतो. पाऊल वर धरून ठेवणारा स्प्लिंट चालायला चांगला, पण त्यात घोटा जखडलेला राहतो. तो घालून बस चालवू नये.

मांडीत रॉड टाकला की आपल्याकडे लोक निश्चिंत होतात. रॉड हाड धरून ठेवतो, पण ते कुठल्या कोनात धरलंय हे बघायचं राहून जातं. पाय १०–१५ अंश बाहेर फिरून जुळला तर चालताना फारसं लक्षात येत नाही. सीटवर बसल्यावर टाच एका जागी आणि चवडा पेडलच्या बाहेर जातो, मग ड्रायव्हर दिवसभर खुबा आत वळवून पाय सरळ ठेवत राहतो. संध्याकाळी दुखते कंबर, आणि औषध कमरेचं चालू होतं. पायाची लांबी दोन सेंटिमीटरहून जास्त कमी झाली असेल तर बुटाला उंची द्यावी. पण ती ड्यूटीच्या बुटालाही हवी, आणि उंच तळव्यामुळे पेडलचा अंदाज बदलतो म्हणून आधी उभ्या गाडीत सराव हवा.

घरच्या घरी एक गोष्ट मोजता येते. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर वर खूण करा आणि शिंप्याच्या टेपनं दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर पुढच्या मांडीचा स्नायू सुकलेला आहे. तो आपोआप भरत नाही, नुसत्या चालण्यानं तर नाहीच. आता शहरातल्या क्लचचा हिशेब मांडा. एका फेरीत २५ थांबे, प्रत्येक थांब्याला थांबताना आणि गिअर चढवताना मिळून चार-पाच वेळा क्लच, म्हणजे फेरीला शंभर-सव्वाशे. आठ फेऱ्या झाल्या की ८०० ते १,०००. यात सिग्नल आणि इंदूरच्या राजवाड्याजवळची गर्दी धरलेलीच नाही. सुकलेली मांडी हे दोन दिवस ओढते, तिसऱ्या दिवशी गुडघा सुजतो. मग ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर गाडी चालवायला लागतो, क्लचप्लेट जळते आणि मालक ओरडतो.

टाचेचं हाड मोडलं असेल तर सपाट जमिनीवर माणूस सहा महिन्यांत बरा चालतो. खडबडीत जागेवर मात्र नाही, कारण घोट्याखालचा सांधा, जो पाऊल आत-बाहेर कलवतो, तो आखडतो आणि पुढे झिजतो. पेडल बदलताना टाच टेकवून चवडा फिरवायची जी सवय असते ती नेमकी याच भागावर उभी आहे. पायाला मोठी इजा झाल्यावर पोटरीच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर रोज संध्याकाळी पाय सुजणं वर्षानुवर्षं राहू शकतं. दाब देणारे मोजे मापानं घ्यावे लागतात, कुठलेही चालत नाहीत. पोटरी अचानक एका बाजूची सुजली, दुखली किंवा दम लागला तर तो तातडीचा प्रसंग आहे.

छातीच्या बरगड्या स्टिअरिंगवर आपटून मोडतात, खूप दुखतात, पण सहसा सहा-आठ आठवड्यांत मिटतात. मनगटाचं तसं नाही. अंगठा स्टिअरिंगच्या रिंगच्या आत अडकवून धरायची सवय बहुतेकांना असते. टक्कर होते, पुढचं चाक वळतं, रिंग झटक्यानं फिरते आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेलं काजूएवढं हाड चिरतं. अंगठा ताणून वर केला की मनगटाच्या बाजूला छोटा खळगा पडतो, तिथं दाबल्यावर दुखतं तेच हे हाड. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत चीर दिसत नाही असं कितीदा तरी होतं, आणि पाय मोडलेल्या माणसाच्या मनगटाकडे बघायला कुणाला वेळ नसतो. खळग्यात दुखत असेल तर १०–१४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा. या हाडाला रक्त उलट्या बाजूनं मिळतं, म्हणून ते न जुळता तसंच राहू शकतं, आणि काही वर्षांनी मनगट झिजून पकड कमी होते. पॉवर स्टिअरिंग असलं तरी खड्ड्यात चाक आदळल्यावर रिंग धरून ठेवायला पकड लागतेच. अंगठा रिंगच्या बाहेर ठेवायची सवय नव्या पोरांना पहिल्या दिवसापासून लावावी.

मानेचं दुखणं मागून धडक बसल्यावर येतं आणि बरेचदा दुसऱ्या दिवशी सुरू होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं, काहींचं राहतं. कॉलर महिनोन् महिने घालून मान आणखी आखडते, हे आता डॉक्टरही सांगतात. मान हळूहळू हलवत राहणंच बरं. खुर्चीत सरळ बसून हनुवटी खांद्याच्या दिशेनं वळवून पाहा. दोन्ही बाजूंना सारखी जाते का? डावीकडे कमी जात असेल तर डाव्या बाजूचा आंधळा कोपरा, जिथून स्कूटर घुसते, तो दिसणार नाही. जादा बहिर्गोल आरसा लावल्यानं मदत होते, पण त्यात वस्तू लहान आणि लांब दिसते. मान फिरत नाही म्हणून केवळ आरशावर भरोसा ठेवून बस चालवणं मला मान्य नाही.

कमरेचं दुखणं अपघाताचं किती आणि नोकरीचं किती, हा वाद कोर्टात नेहमी होतो. साध्या शब्दांत असं: बसलेल्या माणसाचा कणा साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या थरथरीला सर्वांत जास्त हलतो, आणि खराब रस्त्यावरच्या मोठ्या गाडीच्या सीटवर नेमकी याच आसपासची थरथर येते. मणक्याला आधीच मार बसलेला असेल तर ही रोजची थरथर त्याला भरू देत नाही. म्हणून परत येणाऱ्या ड्रायव्हरची सीट आधी दुरुस्त करा. एअर सीट असेल तर वजनाचा नॉब त्याच्या वजनावर लावा. डॅम्पर, म्हणजे सीटचा धक्के शोषणारा भाग, गेलेला असेल तर सीट खड्ड्यात खालपर्यंत आपटते, तो बदला. पाठ थोडी मागे कललेली असावी. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा, आणि छाती व स्टिअरिंग यांत निदान वीतभर जागा असावी.

आता डोकं. याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण पायाचं दुखणं लपत नाही, डोक्याचं लपतं.

सीटी स्कॅन नॉर्मल आला, चार टाके घातले, घरी सोडलं. यानंतर डोकेदुखी, चिडचिड, उजेडाचा आणि आवाजाचा त्रास, झोप न लागणं, लक्ष न लागणं हे सगळं होऊ शकतं. बहुतेकांचं तीन महिन्यांच्या आत निवळतं, काहींचं लांबतं. रस्त्यावर त्याचा अर्थ असा: ६० च्या वेगात बस सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त धावते. समोरचं दृश्य कळून पाय हलायला अर्धा सेकंद जादा लागला तर ब्रेक दाबायच्या आधीच बस आठ मीटर पुढे गेलेली असते. ड्रायव्हरला स्वतःला आपण मंद झालोय हे जाणवत नाही. घरच्यांना जाणवतं. एकाच वेळी दोन कामं सांगितली की एक विसरतो, गप्पा चालू असताना चिडून उठतो, टीव्हीचा आवाज सहन होत नाही. या गोष्टी घरच्यांनी तारखेसकट वहीत लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात.

मार लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनी किंवा त्याहूनही उशिरा डोकेदुखी वाढत गेली, माणूस पेंगू लागला, एका बाजूचा हात-पाय जड पडला, बोलणं अडखळलं, तर मेंदूवर हळूहळू साचलेलं रक्त असू शकतं. वय झालेल्यांत, दारू पिणाऱ्यांत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हे जास्त. पहिला सीटी नॉर्मल होता म्हणून स्वस्थ बसू नये, त्याच दिवशी पुन्हा स्कॅन करावा.

अंथरुणात कूस बदलताना किंवा आरशाकडे झटकन पाहताना काही सेकंद सगळं गरगरतं, मग थांबतं. कानाच्या आतले सूक्ष्म खडे जागेवरून हलल्यानं हे होतं. यावर चक्कर थांबवायच्या गोळ्या महिनोन् महिने खाण्यात अर्थ नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं ठराविक क्रमानं वळवून ते खडे जागी आणतात, पुष्कळदा एक-दोन वेळात काम होतं. ते होईपर्यंत गाडी बंद.

एकाचे दोन दिसणं नेहमी समोर पाहताना होत नाही. डोक्याच्या मारानं डोळ्याच्या एका बारीक नसेला इजा झाली तर खाली पाहताना दोन दिसतात: जिना उतरताना, ताटात पाहताना, स्पीडोमीटरवर नजर टाकताना. माणूस नकळत डोकं एका खांद्याकडे कलतं धरायला लागतो आणि घरच्यांना वाटतं मान आखडली. लायसन्सच्या तपासणीत २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचायला लावतात, त्यात हे पकडलं जात नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना “खाली पाहताना दोन दिसतात” असं मुद्दाम सांगावं लागतं.

आणि वास. नाकाच्या वरच्या चाळणीसारख्या हाडातून वासाचे तंतू मेंदूत जातात. डोकं झटक्यानं हललं की ते तुटू शकतात, कवटी न मोडताही. घरात ही गोष्ट अशी लक्षात येते की सकाळच्या पोह्यांवर जिरावण (इंदुरी मसाला) भुरभुरलं तरी वास येत नाही, जेवण बेचव लागतं. आवडनिवड बदलली म्हणून सोडून देतात. ड्रायव्हरसाठी मात्र तापलेलं लायनर, जळणारी क्लचप्लेट, वायरिंगचा धूर, सीएनजीची गळती हे सगळं नाकावर आहे. तपासायला कॉफी, साबण, लवंग घ्या, डोळे मिटून, एकेक नाकपुडीनं. बाम किंवा नवसागर घेऊ नका. त्यांचा झोंबरेपणा दुसऱ्याच नसेनं कळतो, म्हणून वास गेलेल्यालाही “काहीतरी आहे” असं वाटतं. काहींचा वास वर्षभरात थोडाफार परततो, काहींचा नाही. न परतलेल्याला घाटाच्या आणि सीएनजीच्या ड्यूटीवर एकटं पाठवू नये.

डोक्याच्या मोठ्या इजेनंतर, विशेषतः कवटी आत दबली असेल किंवा मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर, पहिली फीट महिन्यांनी, कधी वर्षांनीही येऊ शकते. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये मिरगी आहे का, अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का, हे स्पष्ट विचारलेलं आहे. तिथं खोटं ‘नाही’ लिहिणारा पोटासाठी लिहितो, हे समजतं. तरीही लिहू नये. फीट आलेल्या माणसानं बसच्या सीटवर बसू नये, इथं मधला मार्ग नाही.

औषधांकडे येऊ. नसांच्या दुखण्यासाठी प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन, झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलिन, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, स्नायू सैल करायला डायझेपाम: ही सगळी पेंग आणतात, आणि दोन एकत्र आली की जास्त. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी पहाटे पाचच्या गाडीपर्यंत उरू शकते. गोळी सुरू करताना आणि मात्रा वाढवताना काही दिवस ड्यूटी नको, आणि डॉक्टरांना “मी बस चालवतो” हे पहिलं वाक्य सांगावं. दुसरी बाजू डायक्लोफेनॅक या दुखणं मारणाऱ्या गोळीची. मेडिकलमधून पाकीट घ्यायचं, रोज एक खायची, वर्षानुवर्षं. त्यानं पोटात जखमा होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं खराब होतात, आणि ड्यूटीवर पाणी कमी पिणाऱ्याला हे लवकर होतं. घरी बसून वाढलेलं वजनही यातच धरा. घोरणं वाढलं, दिवसा डुलकी येऊ लागली तर झोपेत श्वास अडकतोय का ते तपासा.

मनाबद्दल बोलायला ड्रायव्हर तयार नसतात, कारण “घाबरला” हा शिक्का बसला की गाडी हातची जाते. पण विचार करा, त्याच्या अपघातात प्रवासी दगावला असेल तर तो एकाच वेळी रुग्णही असतो आणि आरोपीही. पायात रॉड, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली (निष्काळजीपणानं मृत्यू) गुन्हा, लायसन्स जप्त, तारखा. महिना उलटल्यावरही तोच क्षण डोळ्यांपुढे येणं, हॉर्न ऐकून दचकणं, ती जागा टाळायला लांबचा रस्ता घेणं, रात्री किंचाळून उठणं राहिलं तर तो आजार आहे आणि त्यावर बोलण्याचे आणि औषधाचे, दोन्ही उपचार आहेत. दारू झोप आणते असं वाटतं, प्रत्यक्षात झोप मोडते. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर फुकट आहे, नाव न सांगताही बोलता येतं.

परत गाडीवर कसं बसावं? आधी उभी बस, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, शेजारी जाणता ड्रायव्हर. केबिनमध्ये तीन आधार धरून चढणं-उतरणं, पाच वेळा. ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर झटक्यात पाय नेणं, सलग दहा वेळा, नजर समोर ठेवून. एकदाही बूट अडकला तर तिथंच थांबायचं. मग इंजिन चालू करून हवेचा दाब भरला की ब्रेक पूर्ण दाबून ३० सेकंद धरणं. क्लच दहा मिनिटांत पन्नास वेळा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला का ते पाहणं. टाच टेकवून चवडा ३० सेकंद वर धरणं. एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, दोन्ही पायांनी. हे जमलं की रिकामी बस मोकळ्या आवारात, मग दिवसाची अर्धी ड्यूटी सपाट रस्त्यावर, दोन आठवडे. रात्र आणि घाट सर्वांत शेवटी. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ ही मर्यादा घातली. लांबच्या गाड्यांवर ती किती पाळली जाते हे सगळ्यांना माहीत आहे, पण अपघातातून उठलेल्या माणसासाठी तरी मालकांनी ती पाळावी.

आणि जर जमलंच नाही? इथं इंदूरच्या सरवटे बसस्टँडवर शेजारी-शेजारी उभ्या राहणाऱ्या दोन गाड्यांचे ड्रायव्हर वेगळ्या दुनियेत असतात. महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० (४) आधार देतं: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, तोच पगार ठेवून दुसरं काम द्यावं लागतं. मध्य प्रदेशाचं परिवहन महामंडळ बंद करायचा निर्णय २००५ मध्ये झाला, त्यामुळे आपल्याकडचा ड्रायव्हर बहुधा खाजगी मालकाचा, आणि सरकारी आस्थापनांसाठीचं हे कलम त्याच्या कामाचं नाही.

त्याच्या कामाचे रस्ते तीन. पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जात असेल तर कामावरच्या इजेत तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात मजुरीच्या साधारण ९० टक्के रक्कम मिळते, उपचार इंदुरात नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलात होतात. ईएसआय नसेल तर कामगार भरपाई. हा मूळचा १९२३ चा कायदा, आता त्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. इथं चूक ड्रायव्हरची होती का हा प्रश्न सहसा आडवा येत नाही, दारूचा येतो. तिसरा रस्ता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १६६. तिथं समोरच्या गाडीची चूक दाखवावी लागते, आणि अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत टाकावा. कामगार भरपाई आणि मोटार कायदा यांपैकी एकच निवडता येतो, म्हणून सही करण्याआधी दोन्हीचे आकडे वकिलाकडून मांडून घ्या.

आकड्यांत सर्वांत मोठा फरक एका गोष्टीनं पडतो. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शरीराचं अपंगत्व किती टक्के हे एक, आणि त्यामुळे कमाई किती टक्के बुडाली हे दुसरं. हात गेलेला कारकून काम करत राहू शकतो, ड्रायव्हरची कमाई मात्र जवळजवळ पूर्ण बुडू शकते. वय ३८, पगार १८,००० धरा. पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले की २५,२००, वर्षाचे ३,०२,४००. कोर्ट वयाप्रमाणे जितक्या वर्षांनी गुणतं तो गुणक या वयाला १५, म्हणजे ४५,३६,०००. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर समजा ४० टक्के आहेत आणि तेच तसेच लावले तर हातात १८,१४,४०० येतात. पुन्हा बस चालवता येणार नाही आणि दुसरं कामही हाताशी नाही, हे सिद्ध झालं तर पूर्ण रक्कम मागता येते.

ते सिद्ध होतं कागदांवर: एमएलसी (हॉस्पिटलातली पोलीस-केसची नोंद), एफआयआर, ऑपरेशनची नोंद, तारीख असलेले सगळे एक्स-रे, इम्प्लांटचे स्टिकर, पगाराच्या बँकनोंदी, लायसन्सची प्रत. आणि डॉक्टरांच्या साक्षीवर. मेडिकल बोर्डापुढे जाताना टक्के एका पायाचे की पूर्ण शरीराचे हे लिहून घ्या. सर्टिफिकेटवर नुसतं “४० टक्के” नको. “उजवा चवडा वर उचलता येत नाही, ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय नेता येत नाही, जड प्रवासी वाहन चालवण्यास कायमचा अयोग्य” एवढी ओळ डॉक्टरांकडून मागून घ्या, आणि ती मागताना आपण कोणती गाडी, कोणत्या रस्त्यावर, दिवसाला किती तास चालवत होतो हे एका कागदावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवा.